मामीची गुंतवळ आणि न जुळणारं मॉडेल

ती. हौसरावमामांस,

शिरूरहून मोनालीचा साष्टांग नमस्कार (वाकताना पाठीत उसण भरली, तेवढी समजून घ्या). तुमचा गुडघा कसा आहे? कासुर्डीत थंडी पडली का? वेळेवर जेवताय ना? मामी गेल्यापासून फोनवर ‘हाय बरं’ एवढंच म्हणून तुम्ही ठेवून देता, म्हणून हे पत्र.

तुम्ही मागे विचारलं होतं, ‘तीन वर्सं झाली, तू तिथं करती तरी काय?’ तर मामा, मी पिठाची खळ ढवळते. पाणी कितीही ढवळा, पातळ तेवढंच राहतं. खळ ढवळली की सैल होते, सोडली की गोठून बसते (स्वभावानं अगदी तुमच्यासारखी). तिच्यात तंतू सोडले तर ते कसे वाहतील, कुठं वळतील, हे गणितानं आधीच सांगायचं. याला आम्ही मॉडेल म्हणतो. मग काचेच्या नळीतून पंपानं खरीखुरी खळ फिरवायची आणि गणित जुळतंय का बघायचं. तंतू लांब, काळे, लवचिक हवे होते. बाजारातला नायलॉनचा धागा पांढऱ्या खळीत दिसेचना. तेवढ्यात दिवाळीला घर आवरताना तुम्हीच मामीनं विंचरताना गळलेले केस साठवलेली गुंतवळीची पिशवी माझ्या हातात दिलीत. ‘ने बाई, भांडीवालीला द्याया मन व्हईना,’ म्हणालात.

मॉडेलप्रमाणे केस प्रवाहाच्या दिशेनं सरळ व्हायला हवेत. झाले. बराच वेळ शहाण्यासारखे वाहिले. मग नळीच्या मधोमध त्यांचे तीन झुपके झाले, डावा मधल्यावरून, उजवा मधल्यावरून, आणि बघता बघता तीनपेडी वेणी! मी नळी धुतली, केस मोकळे केले, नवी खळ शिजवली. पुन्हा तीच वेणी, डावीकडे जराशी झुकलेली. तुमच्याकडे राहून शाळेत जात होते तेव्हा रोज सकाळी हीच वेणी माझ्या पाठीवर असायची.

काल दुपारी लाइट गेली. पंप बंद, खळ गोठलेली. गणितानं वेग शून्य. आणि केस हळूहळू पेड घालतच होते. माझ्या मानेला कुणाची तरी गार बोटं लागल्यासारखं झालं, आणि मी मुकाट्यानं डोकं खाली घातलं (सवय, दुसरं काय).

शितल मॅडम म्हणजे माझ्या गाईड, परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेल्या. देवाधर्माचं नाव काढलं तरी चष्म्यावरून बघतात. त्यांनी मी काढलेला वेणीचा व्हिडिओ पाहिला, उठून दार लावलं आणि हळूच विचारलं, ‘केस टाकण्याआधी थुंकली होतीस का?’ मामीही म्हणायची, विंचरलेले केस थुंकल्याशिवाय टाकू नयेत, माघारी येतात. पण मी काय ते उकिरड्यावर टाकले होते? प्रयोगाला घातले होते! मॅडमचं म्हणणं, लाळेनं खळ पातळ होते, हे शास्त्रच आहे. तेव्हा सोमवारच्या आत थुंक, वेणी सोडव, आकडे जुळव. नाहीतर तीन वर्षांचा प्रबंध पाण्यात (म्हणजे खळीत).

मी नळीपाशी गेले. तोंड उघडलं. थेंबभर लाळ येईना. जिनं मला भरवलं तिला मी थुंकून घालवू? मामा, मला मामीची फार आठवण येते.

असो. बाकी सर्व क्षेम. भूतबीत काही नाही. खळ आहे, केस आहेत, माझंच कुठंतरी गणित चुकलंय. काळजी नसावी.

तुमची भाची,
मोनाली

ता. क. : थुंकणार नाही, असं मॅडमना सांगून टाकलं. प्रबंध राहिला तर राहिला. त्या म्हणाल्या, मग नळी तूच रिकामी कर. रविवारी करणार आहे, म्हणून तुम्ही रविवारी शिरूरला या. मामीनं जन्मात तुमचं काही ऐकलं नाही, पण तुम्ही अंगणातून हाक मारली की हातातलं काम टाकून यायची. नळीपाशी उभं राहून एकदा हाक मारा. घरी न्या तिला.

आणखी ता. क. : भूतबीत काही नाही, हे वर लिहिलंच आहे. तरी येताना दाढी करून या.