वासाविना गोडा मसाला

४ नोव्हेंबर, मंगळवार

दूध करपलं. पातेलं काळं ठिक्कर, स्वयंपाकघरात धूर — आणि मी तिथेच पाठमोरी बसून मेथी निवडत होते!

सत्यजित बागेतून ओरडत आत आले. "अगं, काय जळतंय? वास येत नाही का तुला?"

"नाही," म्हटलं. खरं तेच बोलले. त्यांना वाटलं, चिडून बोलले.

दिवाळीनंतर ताप आला, तेव्हापासून हे असं आहे. ताप गेला, सर्दी गेली, वास काही परत आला नाही. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. लसूण सोलून बोटं नाकाशी नेली — काही नाही. तिखट झोंबतं, मीठ अगदी पुसट लागतं. बाकी सगळं पुठ्ठा चावल्यासारखं.

६ नोव्हेंबर

हबीबगंजला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आले. "येईल," म्हणाले. "कुणाचा महिन्यात येतो, कुणाचा वर्षाने. एखाद्याचा नाहीही येत." एवढ्या शांतपणे सांगितलं, जसं काही बसच सुटली होती माझी.

घरी कुणाला सांगितलं नाही. कारण ३० तारीख! त्या दिवशी सत्यजित रिटायर होतायत. कारखान्यातले त्यांच्या शॉपमधले सगळे घरी जेवायला येणार. माझाच हट्ट, दिवाळीच्या आधीचा. ही माणसं या बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये किती वर्षं जेवली — कुणाची बदली, कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाची बायको माहेरी गेली म्हणून. आता क्वार्टर सोडायचं. त्याआधी या ओट्यावर एक मोठा स्वयंपाक माझ्या हातचा व्हायलाच हवा.

८ नोव्हेंबर

आज वरणात मीठ दोनदा पडलं. सत्यजितनी घास तोंडातच धरला. मग सांगून टाकलं सगळं.

त्यांनी आधी वरणाची वाटी बाजूला सारली. नंतर म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. अरेरा कॉलोनीत तो केटरर आहे ना, त्याला सांगू. पनीर, दालमखनी, गुलाबजाम. तू आराम कर."

आराम! इतका लागला तो शब्द. नाक गेलंय माझं, हात नाही गेले.

"अहो, मीच करणार," म्हटलं. "सगळं. मसालेभातासकट."

"बघू," म्हणाले. म्हणजे केटररचा नंबर खिशात आहे!

१२ नोव्हेंबर

अदितीचं पुण्याहून पार्सल. डिजिटल काटा, मापाचे चमचे, टायमर, आणि गॅस गळला की ओरडणारं एक यंत्र. फोनवर म्हणाली, "आई, ते यंत्र आधी लाव. बाकी सगळं नंतर." इलेक्ट्रिशियनला बोलावून सिलिंडरजवळ, खाली भिंतीला लावून घेतलं. तिच्या आवाजावरून कळलं, लेक घाबरलीय.

या मापाच्या चमच्यांना मी किती हसले होते! तिच्या घरी गेले की म्हणायचे, "अगं, स्वयंपाक करतेस की औषध देतेस?" आणि आज मीच काट्यावर वाटी ठेवून मीठ मोजतेय. चिमूट सोडली की आकडा हलतसुद्धा नाही. माझी चिमूट इतकी हलकी असते, हे आज कळलं.

१४ नोव्हेंबर

वरण जमलं! टोमॅटोचं सारही. डाळ इतकी, पाणी इतकं, मीठ इतकं — काटा सांगतो, मी करते. जाड बुडाच्या पातेल्याला टायमर लावला की करपत नाही. वांगी बोटाने दाबून बघते. सत्यजित दोनदा जेवले आणि केटररचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी तिवारीजींचा फोन. सत्यजितचे सगळ्यांत जुने दोस्त. "भाभीजी, वो मसालेभात बनेगा न? वही वाला?"

"बनेगा," म्हटलं. फोन ठेवला आणि मसाल्याचा डबा उघडून बघितला. मसालेभात म्हणजे गोडा मसाला, आणि तो तर दिवाळीतच संपला. नवा भाजायला हवा. भाजणं म्हणजे सगळं नाकाचं काम.

सत्यजित म्हणाले, विकतचा आण. विकतचा! तिवारीजी पहिल्या घासाला ओळखतील.

१५ नोव्हेंबर

लोखंडी कढई काढली. धणे मोजून घेतले, टायमर लावला. धणे काळे. पुन्हा घेतले, वेळ कमी केली — सत्यजितनी चघळून बघितले, म्हणाले, "कच्चे लागतायत बहुधा." ज्योत रोज सारखी नसते, धणे सारखे नसतात, टायमरला काय कळतंय!

सगळं फेकलं. रडले नाही. कढई घासून ठेवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज आईंना विचारलं. म्हणजे सासूबाईंना. गुडघे गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात येत नाहीत, पलंगावरून फक्त शेरे येतात — "आज फोडणी घाईत झाली." लग्न होऊन आले तेव्हा मला धड भातही लावता येत नव्हता. जे येतं ते त्यांचंच. पण गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांना स्वयंपाकातलं काही विचारलं नव्हतं. गरजच वाटली नाही. की वाटू दिली नाही?

म्हटलं, "आई, मी धणे भाजते. झाले की तुम्ही वास घेऊन सांगाल?"

माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, नाही म्हणणार.

"खुर्ची ने ओट्याशी," म्हणाल्या.

त्यांना धरून नेलं. बसल्या बसल्या पहिला हुकूम — "ते तुझं टिकटिक करणारं बंद कर. आणि पंखाही. ऐकू येत नाही."

"काय ऐकायचंय?"

"धणे."

कढई तापली, धणे घातले. "हलव. थांबू नकोस. आता कसे पडतायत?"

"पडतायत... पडतात तसेच."

"नीट ऐक. आता मातीसारखे पडतायत, बद् बद्. हलके झाले की वाळूसारखे पडतील. तेव्हा काढायचे."

मला हसू आलं. पण ऐकत राहिले. आणि खरंच! उलथन्यावरून घसरताना आवाज बदलला. कोरडा झाला. त्यांनी एक दाणा उचलून बोटांत चिरडला. "बघ, भुगा झाला. पुरे."

तीळ — पहिला उडाला की गॅस बंद, उरलेलं काम कढईच करते. खोबऱ्याचा कीस — उलथन्याला मऊ लागतो तोवर कच्चा, खरखरला की झाला. दगडफूल थेंबभर तेलात, हाताने चुरा होईपर्यंत.

"आणि वास?" मी विचारलं.

"वासाची वाट बघणाऱ्याचा मसाला जळतो," त्या म्हणाल्या. "वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो."

सत्यजितनी मसाल्याची चिमूट तोंडात टाकली. डबा आणून दिला भरायला!

१७ नोव्हेंबर

सत्यजितनी स्वतःच केटररला फोन करून नको म्हणून सांगितलं. मी दाराआडून ऐकलं.

२२ नोव्हेंबर

आईंची खुर्ची आता ओट्याशीच असते. आज भरल्या वांग्यांची तालीम. काटा आणि आई यांचं अजिबात पटत नाही! मी मोजते, त्या म्हणतात, "वांगी काय काट्याला विचारून मोठी झाली?" शेवटी तह झाला — मीठ, साखर, तांदूळ काट्याचे. भाजणं, परतणं आईंचं.

रोज सकाळी लवंग नाकाशी धरून बसते, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. काही नाही.

२९ नोव्हेंबर

श्रीखंडाचा चक्का टांगलाय. मटार सोलून झाले. मोठं पातेलं माळ्यावरून काढलं, पोचा आलाय पण बूड शाबूत आहे. सत्यजितनी पानं मांडायच्या चटया झाडल्या. अदिती येऊ शकत नाही, तिने चार वेळा फोन केला. चारही वेळा एकच प्रश्न — "यंत्र चालू आहे ना?"

भीती वाटतेय. पण मागे नाही फिरायचं.

३० नोव्हेंबर, रविवार

झालं!! हात दुखतायत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहाटेपासून उभी. आई नवी साडी नेसून खुर्चीत. फोडणीला मोहरी टाकली आणि दोघी एकदम गप्प, कान लावून. "आता," त्या म्हणाल्या, त्याच क्षणी माझा हात हिंगाकडे गेला होता.

कोथिंबीरवडी जरा अळणी झाली. मान्य. सार सगळ्यांनी वाटीने प्यायलं. मग मसालेभात. वरून तूप, ओलं खोबरं. मी वाढत गेले आणि चेहरे बघत राहिले, कारण मला दुसरं कशावरून कळणार?

तिवारीजींनी पहिला घास घेतला. चावायचे थांबले.

"भाभीजी," ते म्हणाले, "रिटायर ये हो रहे हैं. आप मत होना!"

पातेलं खरवडून संपलं. सत्यजित भाषणाला उभे राहिले आणि रिकाम्या पातेल्याकडे बघून हसले. मग म्हणाले, "मी काही बोलत नाही. तुम्ही जेवलात ना?" आणि बसले.

मी सगळ्यांच्या शेवटी जेवले. मला चव नाही लागली. तरी पोटभर जेवले.

३ डिसेंबर

आज शहराला सुट्टी, विषारी वायूच्या त्या गॅसकांडाच्या स्मृतीची. आईंबरोबर मटार सोलत होते. म्हटलं, "आई, मला वाटतं माझा वास आता येणारच नाही."

"नाही आला तरी होतं सगळं," त्या म्हणाल्या. "माझा कुठे आला? चौऱ्याऐंशीला आम्ही स्टेशनपाशी राहायचो. त्या गॅसनंतर गेला तो गेलाच. डोळ्यांचं सगळ्यांना दिसलं. नाकाचं मी कुणाला कळू दिलं नाही. चूल काढून घेतली असती माझ्याकडून."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी या घरात आले ब्याण्णव साली.

"म्हणजे मला सगळं शिकवलंत तेव्हा...?"

"तेव्हाही नव्हता," त्या म्हणाल्या.