भुयारातला डबाबंद माल

४ जानेवारी
समुद्राला सुट्टी, मासेमारी बंद. म्हणून सार्डिन नाही, म्हणून कारखान्याला कुलूप. महिनाभर घरी. संकल्प: (१) रोज बंदरापर्यंत चालणे. (२) चहात साखर निम्मी. (३) बायकोच्या, रकियाच्या, स्वयंपाकात नाक न खुपसणे.
गिझलान रबातहून आली. कॉम्प्युटर इंजिनिअर झाली माझी पोर! पंचवीस तारखेला नोकरीसाठी फ्रान्सला, लीलला निघणार म्हणते. बघू.

५ जानेवारी
चाललो नाही. वारा होता.
गिझलानने लॅपटॉपवर एक गेम दाखवला. भुयार, त्यात खाली खाली मजले, मजल्यांवर राक्षस. मेलात की खेळ खलास. मला हसूच आलं. मग म्हणाली, बाबा, यात मारलेल्या प्राण्याचं मांस डब्यात बंद करायचं यंत्र पण मिळतं. मी चष्मा लावला.
सत्तावीस वर्षं इथे साफी बंदरातल्या सार्डिनच्या कारखान्यात डबे तपासतोय. त्या भुयारात माझ्याइतका लायक माणूस आजवर उतरला नसेल.

६ जानेवारी
पैज लागली. एकाच जीवात दहावा मजला गाठला तर गिझलान लीलला नकार कळवणार आणि इथे आमच्याच कारखान्यात अर्ज करणार. हसत हसत हो म्हणाली. रकिया म्हणाली, पोरगी इतक्या पटकन हो म्हणाली म्हणजे तिला तुमची पूर्ण खात्री आहे, सी बुशईब. 'सी', म्हणजे चक्क साहेब! बरं वाटलं. बायको असं क्वचितच बोलते.

९ जानेवारी
पहिला मजला. माल: कोल्हे तीन, पाली चार, उंदीर पाच. सगळे डबाबंद. प्रत्येक डब्यावर नाव, बॅच नंबर, तारीख.
भुयारात सोबतीला मांजर दिलंय. सहावा उंदीर, मी यंत्र बाहेर काढेपर्यंत, तिने फस्त केला. कच्च्या मालाजवळ मांजर! आमच्याकडे गेटवरूनच हाकलतात.

११ जानेवारी
पडद्यावर खाली 'भूक लागली' असं आलं. गिझलान म्हणाली, बाबा, एक डबा खा. आजचा? ताजा? वेडी की काय! डबा सात दिवस उबेत ठेवायचा, फुगला नाही तर पास. त्याआधी माझ्या सहीशिवाय कारखान्यातून डबा हलत नाही. शंभर पावलांचा एक दिवस धरला. म्हणजे सातशे पावलं. तोवर पिशवीतल्या पावावर भागवलं.
ती म्हणाली, या गेममध्ये आपण स्वतः भरलेला डबा कधीच खराब होत नाही. असं प्रत्येक मालक म्हणतो.

१५ जानेवारी
पाव संपले. चारशेव्या पावलावर एक पाल अंगावर आली. मारली, डबा भरला. नियम स्पष्ट आहे: लॉटमध्ये नवा डबा आला की मोजणी पहिल्यापासून. एक, दोन, तीन.
बंदरापर्यंत चालणे: नाही. पण भुयारात अकराशे पावलं झाली, ती धरायला हरकत नसावी. साखर: दोन चमचे. ताण आहे.

१९ जानेवारी
तिसरा मजला. एकतीस डबे. ओझ्याने पाऊल उचलत नाही.
रकियाने हरिऱ्याचा, मसुराच्या सुपाचा, वाडगा ठेवला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, पाठीवर एवढं अन्न आणि माणूस उपाशी, असला हमाल बंदरावरसुद्धा नाही हो! तिला क्वालिटीतलं काय कळतंय. हरिऱ्यात मीठ कमी होतं, तसं सांगितलं. (संकल्प तीन रद्द.)
गिझलानला विचारलं, इथे करमत नाही का तुला? करमतं, म्हणाली. मग? माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून खेळ बघत बसली.

२२ जानेवारी, दुपारी ४
सहाशे नव्वद पावलं. आता माशीसुद्धा मारायची नाही. 'भुकेने चक्कर येत आहे' असं आलं. गिझलान ओरडली, बाबा, फोड ना डबा, कुठलाही फोड! मी हरलो तर तिचंच भलं, आणि तीच ओरडत होती. मी म्हटलं, दहाच पावलं राहिली. सत्तावीस वर्षांत सहाव्या दिवशी सही केलेली नाही.

दुपारी ४.१०
सहाशे सत्त्याण्णव. बुशईब, तिसरा मजला, उपासमारीने मृत्यू. रकिया पोट धरून हसली. गिझलान हसली नाही. म्हणाली, बाबा, हा जीव धरायचा नाही, परत खेळ. मी म्हटलं, पैज म्हणजे पैज, एकच जीव ठरला होता.

२५ जानेवारी
गिझलान गेली. कासाब्लांकाची बस सुटली तशी मला रडू आलं.
परतताना रकिया म्हणाली, तीन आठवडे ती वाट बघत होती, तुम्ही एकदा तोंडाने 'थांब' म्हणाल म्हणून. मी म्हटलं, असं कसं म्हणणार? नियमाने हरलो होतो.
मेल्यावर गेम सामानाची यादी दाखवतो. ती मी नीट तपासली. एकतीसपैकी एकही डबा खराब नव्हता. हे मात्र घरात कोणी बोललं नाही.