ओरिनची बंदूक माझ्याकडे

आदरणीय थॅडियसदादास,

व्हर्मॉन्टच्या चिखलातून धाकट्या विनिफ्रेडचा नमस्कार. गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला हटला का? तुझ्या भिंतीवरच्या नऊ बंदुकांची खुशाली मी तत्त्व म्हणून विचारत नाही.

मागच्या मंगळवारी आमची गावसभा झाली. घरातल्या बंदुका कुलपात ठेवण्याचा कायदा राज्याने करावा, असा ठराव मी मांडला. बोलायला तीन मिनिटे असतात, मी एकोणीस घेतली. (रोमन प्रजासत्ताकाचा अस्त आठव्या मिनिटाला आला.) मग माझ्या प्रत्येक ठरावाला बावीस वर्षे विरोध करणारा शेजारी ओरिन ब्लॉजेट उठला. सभेत एकमेकांशी बोलायचे नाही, जे काय ते अध्यक्षबाईंना सांगायचे, ही आपली जुनी रीत तुला ठाऊकच आहे. त्यामुळे माझ्या कोपराला कोपर लागत असताना ओरिन समोर बघत म्हणाला, "अध्यक्षबाई, माझ्या घरात कशाला कुलूप असावं हे सरकारनं सांगू नये. विनिफ्रेडनं तर नाहीच." मी मनात उत्तर जुळवू लागले, पण हा खाली बसेना. "दुसरं असं, की माझी बायको हॅटी गेल्यापासून माझं काही खरं नाही. माझी बंदूक सध्या घरात नको. कुणी ठेवून घेईल का, विचारा."

सभेनंतरच्या जेवणासाठी घेवडे ढवळणाऱ्या बायकांचे डाव थांबले. कुणाकडे ठेवायची, असे बाईंनी हळूच विचारले.

"विनिफ्रेडकडे. दुसरा कुणी असला तर मी परत मागितली की देऊन टाकेल. ही आधी भाषण करेल. तेवढ्यात माणसाचा विचार बदलतो."

सगळे हसले, ओरिनही. मी उठले, आणि दादा, आयुष्यात प्रथमच मला शब्द सापडेनात. "बाई, त्यांना सांगा, ठेवते," एवढेच जमले.

"ऐकलं मी," ओरिन थेट माझ्याकडे बघून म्हणाला. रीत मोडली म्हणून त्याला कुणी टोकले नाही.

माझा ठराव अकरा मतांनी पडला. लगेच कुणीतरी नवा मांडला: ओरिनला धीर येईपर्यंत त्याची बंदूक विनिफ्रेडकडे राहावी. दोन्ही बाजूंचे एकशे सहा हात एकदम वर गेले. इतकी पुस्तके वाचली मी, पण त्या हातांकडे बघताना जे वाटले ते कुठल्याच पानावर भेटले नव्हते.

तुझी,
विनिफ्रेड

ता. क. बंदूक पियानोखाली आहे, काडतुसे अध्यक्षबाईंकडे. मी पियानो वाजवणे बंद केले आहे.

ता. क. दुसरा. ओरिन रोज चार वाजता बंदूक मागायला येतो. मी बोलते, तो ऐकतो, दोन डोनट खातो आणि रिकाम्या हाताने घरी जातो. काल मात्र म्हणाला, "विनिफ्रेड, हा मुद्दा गुरुवारी सांगून झालाय." म्हणून हे पत्र. बंदुकांच्या बाजूने तुझ्याकडे जेवढे मुद्दे असतील तेवढे सगळे पाठव, लांबलचक असले तर उत्तमच. खोडायला नव्हे, मांडायला हवेत. माझे शनिवारपर्यंतच पुरतील.