नजरेचे माप

मी, गोपीनाथ दामोदर माळवदे, वय ७७, धंदा शिंपीकाम (आता बंद), राहणार सेक्टर ४३, चंदीगड, हे मृत्युपत्र माझ्या अकलेने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहितो. साखर आहे, रक्तदाब आहे, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. टाचणी काढू नये, दाखला हरवेल. माझी शाळा पाचवीत सुटली. वरच्या मजल्यावरच्या निमिषने शुद्धलेखन तपासले, मजकूर माझा आहे. आधीचे मृत्युपत्र मी फाडले. का फाडले ते पुढे येईल.

१. राहता फ्लॅट मुलगा अंबरीश याला. झोपण्यापूर्वी गॅस खालून बंद करावा. शंभरदा सांगितले, एकदा ऐकले नाही. अंबरीश लोकांना सांगतो की वडिलांचा गारमेंटचा बिझनेस होता. बिझनेस नव्हता. सेक्टर ४५ मध्ये एक बूथ, म्हणजे टपरीएवढा गाळा होता आणि त्यात एक पायमशीन होती.

२. बँकेतली ठेव नात ओजस्विनी हिच्या शिक्षणाला. ती माझ्याशी हिंदीत बोलते, माझी तक्रार नाही. पण हा कागद तिला सगळा वाचून दाखवावा. कलम पाच गाळू नये.

३. बूथ विकला तरी चालेल. मशीन सूनबाई प्राचीला. घरात उसवलेले शिवायचे तिला एकटीलाच सुचते. मशीनवर कुंडी ठेवू नये.

४. मला इथेच जाळावे. अस्थी गावी नेऊ नयेत. आमच्या कोळवडला मसणवटेही दोन आहेत, आणि मला माझ्या बाजूच्या मसणवट्यात जायचे नाही.

५. टेप. हे कलम गुरुनाथ कोंडिबा गायसमुद्रे, सुभेदार (निवृत्त), राहणार एअरोसिटी, मोहाली, याच्यासंबंधी आहे. तो माझा चौथीपर्यंतचा मित्र.

माझे वडील गावचे शिंपी. गावकुसाबाहेरच्या वस्तीतले गिऱ्हाईक आले की ते त्याला अंगणात उभे करत, ओट्यावरून बघत आणि दोऱ्याला गाठी मारत. छातीची गाठ, खांद्याची गाठ, बाहीची गाठ. अंगाला हात नाही, टेप नाही. त्यामुळे वस्तीचे सदरे ढगळ असत आणि लांबून ओळखू येत. मला वाटते, गावाला तेच सोयीचे होते.

गुरू त्याच वस्तीतला. १९५८ च्या पंधरा ऑगस्टला त्याला शाळेत कविता म्हणायची होती. नवा सदरा आमच्याकडे शिवायला टाकला होता. मी वडिलांची टेप चोरून नेली, शाळेमागे त्याची मापे घेतली आणि दोऱ्याच्या गाठी हलवल्या. तो हसत होता, म्हणाला, "गोप्या, गुदगुल्या करू नको." वडिलांनी गाठी बघून कापड कापले. सदरा असा बसला की दृष्ट लागावी. तीच माझी चूक झाली.

झेंड्याखाली पाटलांनी त्याला फिरवून पाहिले. "दामू, हे नजरेचं माप न्हाई. हात लावलास व्हय रे?"

वडिलांचे तोंड पांढरे पडले. गावाने आम्हाला वाळीत टाकले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "गुरूनं टेप चोरली. त्यानंच स्वतःची मापं घेतली."

स्वतःचा खांदा स्वतःला मापता येत नाही. हे शिंप्याला कळत नाही? वडिलांना कळले होते. मास्तरांनाही कळले असेल. कोणी बोलले नाही. सदरा तिथेच उतरवून घेतला. कोंडिबाने सगळ्यांदेखत पोराला मारले, मारावेच लागले. शाळेने चोर म्हणून नाव काढले. वडिलांनी ती टेप चुलीत घातली आणि मला रात्री गोड जेवायला दिले. ते जेवण मी जेवलो. पुढच्या वर्षी मी शाळा सोडली. शेजारची जागा रिकामी असायची, तिकडे बघवत नव्हते.

गुरू मामाकडे शिकला, फौजेत गेला. मी हवाई दलाच्या वर्द्या शिवायला इथे आलो. १९९१ ला तो माझ्या बूथवर उभा. मी टेप घेऊन पुढे झालो.

"टेप ठेव खाली. नजरेनं घे."

"गुरू, असं काय करतोस यार, पोरं बघतायत."

"तेव्हाही बघत होती."

मी नजरेने माप घेतले. कोट खांद्यात दोन बोटे ढिला आला. त्याने आरशात पाहिले आणि म्हणाला, "बसला. घराणं शाबूत आहे." तेव्हापासून दर संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाच्या तिळगुळाला तो तोच कोट घालून येतो. कोणी विचारले, सुभेदारसाहेब, कोट कुणाकडून शिवला, की माझ्याकडे बोट दाखवतो. चौतीस हिवाळे. मी चिडतो, घरी येऊन बायकोवर ओरडायचो. सुलोचना म्हणायची, "एकदा खरं सांगून टाका की." ती गेली, माझे सांगायचे राहिले.

म्हणून इथे लिहून देतो: टेप मी चोरली होती. गुरुनाथ चोर नव्हता. मी खोटे बोललो.

आधीच्या कागदात माझी कात्री आणि पितळी टोकाची टेप त्याच्या नावे होती. वकीलबाई म्हणाल्या, "अंकल, ज्याला काही देताय त्याला साक्षीदार करू नका." मला तो साक्षीदार हवा आहे. म्हणून कात्री रद्द, टेप रद्द. त्याला माझ्याकडून काहीच मिळणार नाही, हे मला माहीत आहे.

गुरू, सहीला आलास तर टेबलावर टेप असेल. हात अजून थरथरत नाहीत. एकदा माप दे, खांदा नीट करतो. नाही आलास तर दुसरी जागा कोरी राहील आणि अंबरीश म्हणेल, म्हाताऱ्याला एक कागदही धड करता आला नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

गोपीनाथ दामोदर माळवदे
चंदीगड, दिनांक १९ जानेवारी २०२५

साक्षीदार १: निमिष अरविंद पटवर्धन, सेक्टर ४३. सही माझ्यासमोर केली.

साक्षीदार २: गुरुनाथ कोंडिबा गायसमुद्रे, सुभेदार (निवृत्त). सही माझ्यासमोर केली. कलम पाच वाचले, बरोबर आहे. मी सही दिली आहे. माप दिलेले नाही.