तीन उजवी हृदयं

३ मार्च
दोन दिवसांचं वर्कशॉप करून परत. नवजात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी आता मला येते. रबरी बाहुलीवर माझा हात असा फिरला की शिकवणारे सर बघतच राहिले. बायको म्हणते, बघत राहणं म्हणजे कौतुकच असतं असं नाही. तिला मेडिकलमधलं काय कळतंय!
शुक्रवारी विभागप्रमुख मॅडम परीक्षा घेणार. पास झालो की ड्यूटीवर मशीन माझं. हार्टवाल्या डॉक्टरांच्या मिनतवाऱ्या बंद. संकल्प: रोज एक तरी बाळ.

४ मार्च
मशीनचा प्रोब छातीला टेकवला आणि बाळाने भोकाड पसरलं. रडताना हृदय इतकं पळतं की पंपिंग जोरात आहे की नाही, हे कुणाच्या बापाला कळायचं नाही. रिपोर्टमध्ये 'उत्तम' लिहिलं. फुप्फुसं तरी उत्तम होतीच.

५ मार्च, दुपारी
शोध! काचेच्या पेटीतल्या बाळाचं हृदय चक्क उजवीकडे. लाखात एखादं. एक्स-रेत मात्र डावीकडे दिसतंय. कुणीतरी उलटा लावला असणार. लोकांना खात्री करून घ्यायची सवयच नाही.
आईला मी स्वतः सांगितलं. ती रडली. म्हटलं, घाबरू नका, हृदय झकास चाललंय, फक्त पत्ता बदललाय.

६ मार्च
दुसऱ्या बाळाचंही उजवीकडे! जेवून आलो तर तिसऱ्याचंही! इथल्या पाण्यातच काहीतरी आहे. पेपर लिहायचा. पहिलं नाव माझं, मॅडमचं शेवटी. मन मोठं ठेवावं. बायको म्हणाली, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. म्हटलं, लग्नाला बारा वर्षं झाली, आता कसला उतावळा?

७ मार्च, शुक्रवार
मॅडम आल्या. मी ऐटीत स्क्रीन दाखवला. म्हटलं, हे चौथं! त्यांनी माझं मनगट धरलं आणि प्रोब माझ्याच मुठीत उलटा फिरवला. हृदय मुकाट डावीकडे आलं.
प्रोबच्या कडेला एक खूण असते. ती बाळाच्या कुठल्या बाजूला ठेवायची, हे वर्कशॉपच्या पहिल्या तासाला सांगतात म्हणे. त्या वेळी चहाला फार रांग होती.
परीक्षा पुढच्या महिन्यात. मशीनही जुनंच आहे म्हणा.

त्याच दिवशी, संध्याकाळी
त्या आईला खरं सांगायचं काम माझ्यावरच. ती बाळाला घेऊन बसली होती, त्याच्या छातीवर उजवीकडे हात ठेवून. परवापासून तिथेच ठोके शोधत होती. नीट लागत नव्हते, आणि कुणाला विचारायची भीती वाटत होती. मला फार लाज वाटली. तिचा हात डावीकडे नेला. ठोके लागले तशी ती हसली, मग रडली. म्हणाली, डॉक्टर, तुम्हीच जागेवर आणलंत ना? देवासारखे भेटलात.
मला क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात मागे मॅडम दिसल्या. मग खरं सांगितलं, खुणेसकट.

८ मार्च
त्याच बाळाकडे गेलो. आई म्हणाली, आधी खूण दाखवा.
दाखवली.