आतली चटणी

प्रिय आई,
नमस्कार. गॅस बंद कर आणि बसून वाच, बातमी चांगली आहे.

काल ऑफिसातल्या मंडळींबरोबर मेक्सिकन हॉटेलात गेले होते. पाटीवर 'अस्सल' लिहिलेलं आणि चटणी मुरंब्यासारखी गोड. बाकीचे निमूट खात होते. मी वेटरला म्हटलं, "ही पाहुण्यांची झाली. आत तुम्ही स्वतः खाता ती आणा."

होय, मीच. तुझी मुखदुर्बळ, हॉटेलात पाणीसुद्धा न मागणारी.

आतून स्वयंपाकीणबाई आल्या. मूळच्या मेक्सिकोच्या, वयाने तुझ्याएवढ्या. मिरच्या जाळून वाटलेली काळी चटणी त्यांनी समोर ठेवली आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मी काटा बाजूला सारला आणि मक्याच्या रोटीने वाटी पुसून काढली. नाक वाहिलं, डोळे वाहिले. मिरचीमुळेच, उगाच काळजी करू नकोस. बाईंनी न विचारता आणखी वाढलं.

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना सांग, पोरगी बोलायला लागली.

निघताना बाईंनी बजावलं, "दर रविवारी आत आमच्याबरोबर जेवायला यायचं." त्यामुळे आता रविवारी फोनवर 'जेवलीस का' विचारलंस, तर खरं उत्तर देईन.

तुझी,
एके काळची मुखदुर्बळ