तीस माणसांचा किनारा

बाबा,

गेल्या मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अंदमानातल्या एका छोट्या किनाऱ्याच्या फाटकावर मला आणि माझ्या नातीला अडवण्यात आलं. वेळ अचूक आहे. स्टील प्लांटच्या गेटपास ऑफिसात बत्तीस वर्षं काढली, आधी घड्याळ बघायचं आणि मग भांडायचं, ही सवय गेलेली नाही. त्या किनाऱ्याजवळच्या हॉटेलच्या मॅनेजरला तक्रार लिहायची म्हणून आज भिलाईत, रिसालीतल्या घरी टेबलाशी बसले. तीन कागद फाडले. चौथ्यावर तुम्हाला लिहिते आहे, कारण राग खरा तुमच्यावर आहे आणि तुम्ही जाऊन पस्तीस वर्षं झाली तरी तो शिळा झालेला नाही.

पाणी कसं होतं ते आधी ऐका. बाहेर खडकांची रांग समुद्राला थोपवून धरते आणि आत कमरेएवढं पाणी, परातीत ओतून ठेवल्यासारखं. लोक डोळ्यांना काच आणि तोंडाला नळी लावून पालथे तरंगतात, खालचे मासे बघतात. चार-पाच वर्षांची पोरंसुद्धा. प्रवाळ तुडवलं जाऊ नये म्हणून एका वेळी तीसच माणसं आत सोडतात, हे मला मान्य आहे. पण वाट हॉटेलच्या आवारातून आणि हॉटेलचे पाहुणे सगळ्यांच्या आधी, हे मला मान्य नाही.

"मैडम, आज की लिस्ट में आपका नाम नहीं है," गार्ड म्हणाला. आणि मी काय करावं? पर्समधून प्लांटचं मेडिकल बुक काढून त्याच्यापुढे धरलं. गार्डनं ते उलटंसुलटं पाहिलं. नात हळूच म्हणाली, "आजी, हे भिलाईत चालतं." मग माझा पारा चढला. मी विचारलं, "समंदर किसके बाप का है?" तो शांतपणे म्हणाला, "मेरे बाप का तो नहीं है, मैडम." मी कंप्लेंट बुक मागवलं आणि उभ्याउभ्या दीड पान लिहिलं.

लिहिताना आपली जगन्नाथपुरीची सहल आठवत होती. मी अकरा वर्षांची आहे. सेक्टरमधल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आई प्रवासासाठी चिवडा परतते आहे. तुम्ही ड्यूटीवरून येता आणि खिशातून भट्टीवरचा निळ्या काचेचा चष्मा काढता, ज्यातून तुम्ही वितळलेलं लोखंड बघता. कडेनं तुम्ही स्वतः रबर शिवलं आहे. "हे घे. याच्यानं पाण्यातलं दिसन तुले."

आई म्हणते, "आगीचा चष्मा पाण्यासाठी कावून देऊन राहिले तिले?"

"ज्याच्यातून आग दिसते त्याच्यातून मासोळी नाही दिसन का?"

मी हसले. कॉन्व्हेंटातली मी, तुम्हाला कळू नये म्हणून इंग्रजीत काहीतरी बोलले. तुम्हाला कळलं होतं.

पुरीला मोठ्या लाटांपासून लांब, खाडीच्या तोंडाशी एका लॉजचा शांत पाण्याचा तुकडा होता. तारेचं कुंपण, फाटक, पाटी. चौकीदार भला होता. "बच्ची को जाने दो, साहब, दो मिनट." तुम्ही पाटी मोठ्यानं वाचलीत. "पास नाही आपल्यापाशी. चाल."

"समुद्राला कशाला पास लागतो?"

"समुद्राले नाही लागत. फाटकाले लागते."

आणि खोलीवर पोचेपर्यंत तुम्ही माझं मनगट सोडलं नाही. निळा चष्मा गळ्यात तसाच. भट्टीपुढे उभा राहणारा माणूस एका पाटीपुढे वाकला, हे मी जन्मभर लोकांना सांगत आले. तुमच्या तेराव्याला आलेल्यांनासुद्धा सांगितलं.

आता मंगळवारचं उरलेलं. माझं दीड पान संपलं तेव्हा आतून एक बाई लवकर बाहेर आल्या. गार्ड स्वतःहून म्हणाला, "एक जगह है. बच्ची को भेज दीजिए. हमारी गाइड दीदी हाथ पकड़ेगी, आप यहीं से देखिए." नातीनं काच डोळ्यांवर चढवलीसुद्धा. मी त्या पाण्याकडे पाहिलं, आणि माझा हात तिच्या मनगटावर गेला.

"नाही," मी म्हणाले. "नियम म्हणजे नियम. लिस्टमध्ये नाव नाही आपलं."

गार्डनं एकदा कंप्लेंट बुककडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. नात म्हणाली, "आजी, तू आत्ता तर त्यांच्याशी यावरूनच भांडत होतीस." मी तिला ओढत परत आणलं. बोटीत ती समोरच्या बाकावर जाऊन बसली. घरी आल्यावर तिनं एकदाच विचारलं, "तू घाबरली होतीस का?" मी म्हटलं, लिस्टचा प्रश्न होता. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

पुरीची एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, कारण ती मला आठवतच नव्हती. तुमचा तळहात ओला होता. आपण तर पाण्याला शिवलोही नव्हतो.

मॅनेजरला लिहायची ती तक्रार मी पाठवणार नाही. नऊ दहाला गार्डनं मला अडवलं हे खरं आहे. नऊ चाळीसला नातीला कोणी अडवलं, ते त्या दीड पानात नाही. हा कागदही कुठे जायचा नाही, ड्रॉवरमध्ये निळ्या चष्म्याखाली राहील. तरी माझी मागणी नोंदवून घ्या. नात रविवारी सकाळी दुर्गहून पुण्याला, तिच्या घरी जायच्या गाडीला बसते आहे. पुरीला त्या दिवशी तुम्हाला पाटी आडवी आली की पाणी, एवढं एका ओळीत मला शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी कळवा. नाही कळवलंत, तर तिला खरं मलाच सांगावं लागेल, आणि ते कसं सांगतात हे आपल्या घरात मला कोणी शिकवलेलं नाही.